सांवेर रोडची रांग: इंदूरच्या लोकमान्य नगरातून कामावर सायकलने, प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

अनंत चतुर्दशी झाली, मांडव उतरला, मंडळाची मागची पत्र्याची शेड मोकळी झाली. आजपासून दर रविवारी सकाळी सात ते साडेनऊ ती सायकलींना मिळाली आहे. सुरुवात सहा जणांनी: चौघांचं काम सांवेर रोडच्या औद्योगिक भागात, दोघींचं विजय नगरात.

उद्दिष्ट एकच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बारा जण आठवड्यातून किमान चार दिवस सायकलने कामावर जायला हवेत, आणि शक्यतो रांगेने. उत्साहाने सायकल घेणारे प्रत्येक गल्लीत आहेत, दोन-तीन महिन्यांत ती जिन्याखाली लावून ठेवणारेही आहेत. कारण विचारलं की ऊन आणि गर्दी ही दोन नावं येतात. जिन्याखालची सायकल बाहेर काढली की तिसरंच कारण हाताला लागतं: हवा निम्मी, सीट चार बोटं खाली, चेन कोरडी, ब्रेकचं रबर रिमला घासतंय. अशी सायकल दहा किलोमीटर ओढली तर कुणीही कंटाळेल. म्हणून आधी शेड, मग रस्ता. रविवारची लांब फेरी डिसेंबरपर्यंत नाही.

आज सहाही सायकली उलट्या केल्या. दोन २८ इंची काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या. एक २६ इंची लेडीज. दोन जाड टायरच्या गियरवाल्या. एक ७०० मापाची हायब्रिड.

टायरच्या मापाचा घोळ सगळ्यात मोठा निघाला. दुकानात "२६ ची ट्यूब द्या" म्हटलं की बहुधा २६ × १⅜ ची मिळते, आणि ती ५९० मिमी व्यासाच्या रिमची असते. जाड टायरच्या गियर सायकलला लोक २६ च म्हणतात, पण तिचं रिम ५५९ चं. चुकीची ट्यूब बसते, हवाही धरते, फक्त आत दुमडते आणि त्या दुमडीवर चीर पडते. टायरच्या कडेवर ३७-५९०, ५०-५५९, ४०-६३५, ३७-६२२ असे आकडे उठवलेले असतात: पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. प्रत्येकाने आपला आकडा सीटखाली रंगाने लिहून ठेवायचा. दुकानात तोच सांगायचा.

काळ्या सायकलींना जुना वॉल्व्ह आहे, आत रबरी नळीवाला. ती नळी चिकट होऊन फाटली की ट्यूब पाण्यात बुडवूनही पंक्चर सापडत नाही आणि हवा मात्र रोज जाते. वॉल्व्हच्या तोंडावर ओलं बोट ठेवलं की बुडबुडा दिसतो. नळी बदलायला दोन मिनिटं लागतात. पंपाचा काटा या वॉल्व्हवर खरा दाब दाखवत नाही, कारण रबर उघडायलाच जादा जोर खर्च होतो. तिथे अंगठ्याचाच अंदाज: टायरच्या बाजूला जोर लावून दाबलं तर जेमतेम दबावं.

बाकीच्यांसाठी ६५ ते ७५ किलोच्या माणसाला लागू पडणारे आकडे शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिले. ७०० × ३५ ला ५५ ते ६० पीएसआय, २६ × १.९५ ला ४० ते ४५. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त, वजन मागे असतं म्हणून. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. दर रविवारी पंप मारायचाच, टायर कडक वाटत असला तरी. हवा पंक्चरशिवायही झिरपते.

सीट: टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली नेलं तर गुडघा सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. गुडघा समोरून दुखत असेल तर सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. सहापैकी पाच सीटा वर घ्याव्या लागल्या. नव्या माणसाला दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात, त्यामुळे तो सीट खाली ठेवतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, हे शिकवलं की ती भीती जाते.

६ ऑक्टोबर, रविवार

वाट ठरली. लोकमान्य नगरातून लालबागेच्या बाजूने महूनाका, तिथून गंगवाल बसस्टँड, राजमोहल्ला, बडा गणपती, किला मैदान, मरीमाता, बाणगंगा, सांवेर रोड. दहा किलोमीटरच्या आसपास. सिग्नल धरून पन्नास मिनिटं मोजायची. घाई केली तरी पाचच मिनिटं वाचतात आणि अंग मात्र घामाने भिजतं.

पहिली फेरी कामाच्या दिवशी काढू नये. रविवारी सकाळी वळणं, गतिरोधक आणि गटारांची झाकणं बघून घ्यायची, मग मंगळवारी किंवा बुधवारी कामाच्या वेळेला खरी फेरी. सोमवार टाळावा, गर्दी सगळ्यात जास्त.

वाटेवर दोन जागा सांभाळायच्या. गंगवालला धारकडच्या बसगाड्या डावीकडून बाहेर निघतात. चालकाला आपल्या उंचीची सायकल आरशात दिसत नाही, म्हणून बसच्या डाव्या कडेने पुढे घुसायचं नाही, मागे थांबायचं. आणि जिथे रूळ ओलांडावे लागतील तिथे चाक काटकोनात न्यायचं. रूळ तिरका असेल तर आधी मागे बघून थोडं रस्त्याच्या मध्याकडे यायचं, म्हणजे काटकोन साधतो. चाक खाचेत अडकलं तर हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो.

नवरात्र चालू आहे. बिजासन टेकडीकडची गर्दी बडा गणपतीपासूनच लागते. या आठवड्यात संध्याकाळी अर्धा तास उशिरा निघणं बरं.

रांगेचे नियम आज पक्के झाले. एका रांगेत जास्तीत जास्त सहा. सातवा आला की दोन रांगा, मध्ये सिग्नलएवढं अंतर. लांब रांग चौकात तुटते आणि मागचे लाल दिव्यात धावतात. सगळ्यात पुढे सगळ्यात हळू चालवणारा, सगळ्यात मागे सगळ्यात जुना. चालत्या रांगेत एका सायकलीच्या लांबीचं अंतर, त्याहून कमी नाही. पुढच्याने खड्डा चुकवला की मागच्याला दिसायला वेळ हवा. रस्त्याच्या कडेपासून एक हात आत. फार कडेला गेलं की काच, वाळू आणि उघडणारी दारं तिथेच असतात. उभ्या गाडीपासून दार उघडेल एवढी जागा सोडायची. ई-रिक्षाच्या मागे दुप्पट अंतर, ती कुठेही थांबते.

हाका तीनच: "खड्डा", "गाडी", "थांबा". प्रत्येकाने हाक मागे पोचवायची.

२० ऑक्टोबर, रविवार

आज फक्त पंक्चर. मिस्त्रीकाका हात दाखवायला आले होते. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक तरी जोडावं असा आग्रह होता, तो पुरा झाला. पोहे नेहमीप्रमाणे साडेनऊनंतर, हात काळे झाल्यावर.

भोक सापडलं की लगेच सोल्युशन लावायला बसू नये. आधी ते कुठे आहे हे बघावं, कारण जागाच कारण सांगते. त्यासाठी चाक उघडताना टायरवरचं नाव कायम वॉल्व्हच्या समोर ठेवायची सवय लावावी. मग ट्यूब टायरवर जशीच्या तशी धरली की काटा नेमका कुठे रुतलाय ते कळतं.

बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार. मोठ्या गाड्यांचे टायर फुटले की त्यातल्या केसाएवढ्या तारा रस्त्यावर पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, टायरच्या आत कापूस फिरवला की अडकतो आणि सापडतात. तार न काढता ट्यूब जोडली तर दुसऱ्या दिवशी तिथेच पंक्चर. शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली. आतल्या अंगाला, रिमकडे, भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा आरीचं टोक वर आलंय. वॉल्व्हच्या मुळाशी चीर पडली असेल तर ट्यूब टाकून द्यावी, तिथे ठिगळ धरत नाही. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि वॉल्व्ह ओढला जातो, त्याची ही चीर.

जोडणं: पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा मोठी जागा खरवडायची, ट्यूबवरची उंच रेघ पूर्ण घासायची. सोल्युशनचा पातळ हात. मग थांबायचं, चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटणं बंद होईपर्यंत. सगळे चुकतात ते इथेच. ओल्यावर लावलेलं ठिगळ उन्हात सरकतं. ठिगळ मधून कडेकडे दाबायचं, वर थोडी टाल्कम पावडर टाकायची म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. बसवताना टायरची शेवटची कडा अंगठ्याने चढवावी. लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) लावली तर नवी ट्यूब तिथेच चिमटते. शेवटचा घास वॉल्व्हपाशी घ्यावा, आणि आधी टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलाव्यात. तेवढ्याने वीतभर ढील मिळते.

कामाच्या दिवशी रस्त्यात ठिगळ लावत बसायचं नाही. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाची एक चांगली ट्यूब हवी, रांगेत एक पंप, तीन लिव्हर आणि १५ चा पाना. ट्यूब बदला, कामावर जा, जुनी रविवारी जोडा. काळ्या सायकलींचं मागचं चाक चेनकव्हरमुळे चटकन निघत नाही. त्यांनी चाक न काढता टायरची एक बाजू उतरवून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर काढायचा आणि तिथेच जोडायचा. या सायकलींसाठी हाच अपवाद.

१० नोव्हेंबर, रविवार

सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. सहाला सुटणाऱ्यांची परतीची सगळी वाट अंधारात. आजपासून दिव्याशिवाय रांगेत घ्यायचं नाही, आणि हा नियम सगळ्यांना सारखा.

पुढचा दिवा तीनशे-चारशे लुमेनचा पुरतो. त्याहून मोठा घेतला तर समोरच्याच्या डोळ्यात जातो. प्रकाशाचा मध्य सात-आठ मीटरवर पडावा एवढा खाली वाकवायचा. भिंतीसमोर उभं राहून जुळवून घ्यावा: भिंतीवरचा ठिपका दिव्याच्या उंचीपेक्षा खालीच पडला पाहिजे. मागचा लाल दिवा रांगेत स्थिर ठेवायचा, फक्त शेवटच्याने लुकलुकता. पाच लुकलुकते दिवे एकामागे एक असले की मागच्या मोटारवाल्याला अंतर कळत नाही. लाल दिवा सीटच्या दांड्यावर लावला तर लांब सदरा किंवा ओढणी त्यावर येते. कॅरियरच्या मागच्या टोकाला लावावा.

चमकणारी पट्टी पेडलला आणि घोट्याला. पाय वर-खाली होतो, त्यामुळे हा माणूस आहे हे लांबूनच ओळखू येतं. एवढ्या कमी पैशात याहून उपयोगी वस्तू नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

एका काळ्या सायकलीत "टक" असा आवाज, पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. कॉटर पिन ढिली, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ. हा आवाज सुरू झाल्यावर चालवत राहिलं तर पिन क्रँकचं भोक खाते आणि मग क्रँकच बदलावी लागते.

पिन काढताना लोक नट सोडून हातोडा घालतात. तो मार आतल्या छर्‍यांना लागतो आणि वाटीवर खड्डे पडतात. क्रँकखाली जाड पाईपचा तुकडा उभा ठेवावा, पिन त्याच्या पोकळीत उतरेल असा, म्हणजे मार जमिनीत जातो. नट पूर्ण काढायचा नाही, टोकाशी बरोबर आणून त्यावरच ठोकायचं, नाहीतर आटे चेपतात. नवी पिन जुन्या जाडीचीच आणायची, सोबत जुनी घेऊन जावं. तिरपी बाजू कानशीने थोडी घासून बसवावी लागते. नुसती ठोकून बसवलेली महिन्यात परत ढिली होते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडल्यासारखा वाटतो. पन्नासेक किलोमीटर झाले की नट पुन्हा कसायचा.

पेडलचंही आजच सांगून टाकलं: डाव्या पेडलचे आटे उलटे. अॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये ते जोराने तिरके घातले की क्रँक गेली. पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरले पाहिजेत.

८ डिसेंबर, रविवार

नऊ जण झाले. सकाळी कानाला गारठा लागतो. हेल्मेटखाली पातळ कानटोपी, हातात मोजे, छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राचा एक ताव. कामावर पोचल्यावर ताव काढून टाकला की झालं. जाड स्वेटर घातला तर राजमोहल्ल्यापर्यंतच घाम फुटतो.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली लांब फेरी, महूपर्यंत. जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटरच्या वर. नऊपैकी आठ आले. रोजच्या वाटेची सवय तीन महिने झाल्यावर फेरी ठेवली ते बरंच झालं. वाटेत कुणाचीही सायकल बिघडली नाही, ही आजची खरी नोंद.

पुढे जाम दरवाजापर्यंत जावं असं सगळ्यांच्या मनात आहे. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा माळव्याच्या कडेवर उभा आहे, खाली निमाड पसरलेला दिसतो. दरवाजापर्यंत जायला हरकत नाही. पलीकडचा घाट दांड्याच्या ब्रेकवर उतरायचा नाही. रिम ब्रेकनेही उतरताना सतत दाबून धरला तर रिम तापतं आणि ट्यूब फुटू शकते. जोराने दाबा, वेग उतरवा, सोडा, रिमला वारा लागू द्या, पुढच्या वळणाआधी पुन्हा दाबा. हे सपाट रस्त्यावर शिकता येत नाही, म्हणून आधी एखाद्या छोट्या उतारावर सराव करू.

१२ जानेवारी २०२५, रविवार

परवा संक्रांत. मांजा हा सायकलवाल्याचा जीव घेणारा धोका आहे आणि याबाबतीत कुणी मन मोठं करू नये. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो आकाशात दिसतोच. सुती दोर ताण आला की तुटतो, नायलॉनचा ताणला जातो आणि कापत जातो.

आज सगळ्या हँडलांवर तारेची कमान बसवली. चार मिमी जाडीची लोखंडी तार, दोन्ही टोकं हँडलच्या दोन मुठींच्या आत पट्टीने आवळलेली, मधला भाग हनुवटीच्या थोडा वर येईल एवढा उंच. टोकं वळवून रबरी नळीत घातली, पडलं तर लागू नये म्हणून. गळ्याला जाड मफलर दोन वेढे, सदऱ्याची कॉलर वर. वेग निम्मा. पुलावर आणि मोकळ्या मैदानाशेजारी दोर आडवा लोंबतो, तिथे उतरून चालावं. गळ्याला काही लागल्यासारखं वाटलं तर हाताने ओढू नये, आधी थांबावं.

१४ आणि १५ तारखेला रांग बंद. कमान महिनाअखेरपर्यंत ठेवायची. पतंग संपले तरी झाडांना अडकलेला दोर राहतोच.

९ फेब्रुवारी, रविवार

सांवेर रोडवरच्या एका कारखान्याने सायकल स्टँडला जागा दिली. एका मोटारीची जागा, अडीच मीटर बाय पाच मीटर. तीत दहा सायकली बसतात, हे कागदावर काढून दाखवल्यावर होकार मिळाला. मागणी करताना नुसतं "स्टँड हवा" म्हणू नये, नकाशा न्यावा.

जुन्या पद्धतीचा स्टँड, पुढचं चाक खाचेत घालायचा, नको म्हणून सांगितलं. सायकल कलली की सगळं वजन चाकावर येतं आणि रिम वाकतं. शिवाय त्याला कुलूप फक्त चाकाला लागतं. चाक सोडून सायकल नेता येते. त्याऐवजी उलट्या यू आकाराचे पाईप: चाळीस मिमीचा पाईप, जमिनीवर पंचाहत्तर सेंमी उंच, पंचाहत्तर रुंद, दोन्ही पाय तीस सेंमी काँक्रीटमध्ये. पाच मीटर लांबीत एक मीटर अंतराने पाच पाईप, दोन टोकांना अर्धा-अर्धा मीटर सोडून. प्रत्येक पाईपला दोन सायकली, दोन्ही अंगांना एकेक. सायकलीची लांबी पावणेदोन ते एक नव्वद धरली तर मागे चालायला जागा उरते. भिंतीला चिकटवून लावू नये, पुढच्या चाकाला साठ सेंमी तरी हवेत. काँक्रीट सात दिवस पाण्याने भिजवलं नाही तर पाईप महिन्यात हलायला लागतो, म्हणून राखणदारालाही विनंती करून ठेवली.

कुलूप फ्रेम आणि मागचं चाक मिळून पाईपला. नुसती तारेची केबल कातरीने कापता येते. ती पुढच्या चाकासाठी जोडीला चालेल.

कपड्यांची सोय याच कारखान्यात लागली: एक खण, एक खुंटी, एक बादली. सोमवारी दोन जोड नेऊन ठेवायचे. पोचल्यावर लगेच कपडे बदलू नयेत. दहा मिनिटं पंख्याखाली बसावं, अंग निवलं की ओल्या पंचाने पुसावं, मग बदलावेत. आधी बदलले तर नवा सदराही भिजतो.

२ मार्च, रविवार

चेन मोजणीचा दिवस. अकरा सायकली.

चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच. चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. स्टीलची पट्टी ताणलेल्या चेनवर धरायची, शून्य एका पिनेच्या मध्यावर. बारा इंचाच्या रेघेवर पिन असेल तर चेन नवी. एक सोळांश पुढे गेली असेल तर बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर उशीर झाला, मागचे दातेही झिजले असणार. मग नुसती चेन बदलली तर ती दात्यांवरून उड्या मारते, आणि ते नेमकं चढावर, उभं राहून जोर लावताना होतं. तिघांच्या चेन आज बदलल्या, एकाला फ्रीव्हील (मागची दात्यांची चकती) पण लागलं. साध्या सायकलीची चेन रुंद असते, ती गियरच्या दात्यांवर चालत नाही. दुकानदाराला गियरची संख्या सांगावी.

तेलाबद्दल एकदाच आणि स्पष्ट. गाडीचं काळं, वापरलेलं इंजिन ऑइल चेनला घालू नये. त्यात धातूचा चुरा असतो आणि धूळ चिकटून पॉलिश पेपरसारखा लेप बनतो. आधी चेन रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब, पेडल उलटं वीस फेरे, दहा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. तेलाची गरज रोलरच्या आत असते. बाहेर चकाकणारी चेन फक्त धूळ गोळा करते.

विजय नगरच्या वाटेची नोंद. एबी रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांची रेलिंग लावलेली वेगळी वाट, २०१३ मध्ये सुरू झालेली, काढण्याचा आदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारीच्या अखेरीस दिला. रेलिंग निघतील तेव्हा कापलेलं लोखंड आणि उघडे खड्डे रस्त्यावर असू शकतात. दोघी ताईंनी तोवर मालवा मिल, पाटणीपुरा, भमोरी या वाटेने जावं. गर्दी आहे, पण वेग कमी आहे, आणि कमी वेगाची गर्दी सायकलला परवडते.

१६ मार्च, रविवार

बुधवारी रंगपंचमी, गेर (रंगाची मिरवणूक). रांग बंद. गुरुवारी निघण्याआधी ब्रेकची रबरं आणि रिम ओल्या फडक्याने पुसावीत, रस्त्यावर उरलेला रंग ओला झाला की निसरडा होतो.

११ मे, रविवार

पारा चाळिशीच्या पुढे. सकाळची रांग साडेसहाला निघते आहे, ती अडचणीची नाही. अडचण परतीची. साडेपाचलाही डांबर तापलेलंच असतं, हवेपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती धग खालून येते. साडेसहापर्यंत थांबणाऱ्यांना त्रास झाला नाही. माळव्याची संध्याकाळ तेवढ्या वेळात निवायला लागते. ज्यांना थांबता येत नाही त्यांनी हे तीन आठवडे सायकल कारखान्यातच ठेवून बसने यावं, यात कमीपणा नाही. उन्हाचा एक झटका बसला की माणूस सायकल कायमची सोडतो.

पाणी तासाला पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर हवी. कैरीचं पन्हं मीठ घालून बाटलीत चांगलं टिकतं. पंचा ओला करून मानेवर. डोकं दुखणं, अंगावर काटा येणं, घाम अचानक थांबणं: यातलं काहीही झालं की सावलीत बसायचं, मान-काखा ओल्या करायच्या, कपडे सैल करायचे. घाम थांबला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना, वाट बघायची नाही.

दुपारी उन्हात उभ्या सायकलीत हवा फुगते. पूर्ण दाबाने भरलेला जुना टायर स्टँडवरच फुटू शकतो. मेमध्ये पाच पीएसआय कमी ठेवावी.

८ जून, रविवार

पावसाआधीचं काम. मोठं आहे, दोन रविवार लागतील.

चाकांचे हब (आसाभोवतीचा मधला भाग) उघडले. जुने छर्रे मोजून काढायचे, रॉकेलने धुऊन नखावर घासून बघायचे. खड्डा किंवा डाग दिसला तर त्या बाजूचे सगळे बदलायचे, एकदोन नाही. नव्या-जुन्या छर्‍यांत केसाएवढाही फरक असला तर सगळा भार नव्यावर येतो. वाटी ग्रीसने भरायची, छर्रे त्यात रोवायचे, कोन (छर्रे दाबून धरणारा निमुळता नट) हाताने कसून किंचित मागे. चाक बसवल्यावर रिम आडवं हलता कामा नये, आणि चाक वॉल्व्हच्या वजनाने आपोआप खाली फिरून थांबायला हवं.

लोखंडी क्रोमचं रिम ओलं झालं की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. हे काळ्या सायकलीवाल्यांनी मनावर घ्यावं. रबर कितीही नवं असो, आधी एक-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात. त्यांनी पावसात रांगेच्या पुढे राहायचं, म्हणजे कुणाच्या अंगावर जाणार नाहीत, आणि चौकाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका टेकवायचा. एका काळ्या सायकलीला अॅल्युमिनियमची रिमं घालतो आहोत. पुढच्या चाकाला ३२ आऱ्या, मागच्याला ४०, भोकं मोजूनच रिम आणायचं. अॅल्युमिनियमच्या रिमवर रबरात वाळूचे कण रुततात आणि रिम कापतात. दर रविवारी सुईने ते टोचून काढायचे.

साचलेल्या पाण्यात सायकल घालायची नाही. खाली झाकण आहे की नाही ते दिसत नाही. उतरून, डिव्हायडरच्या बाजूने, कुणाच्या तरी मागून. हबपर्यंत पाणी चढलं असेल तर त्या रविवारी हब उघडायचा.

रेनकोटची लांब पोंचो रांगेत नको, वाऱ्याने फुगते आणि मागच्याला काही दिसत नाही. जॅकेट-पँट वेगळी. बूट प्लास्टिक पिशवीत, पायात सँडल.

२९ जून, रविवार

काळ्या मातीने आज दीड तास खाल्ला. नव्या कॉलन्यांच्या कच्च्या रस्त्यावरून दोघे आले. ही माती ओली झाली की टायरला लाटीसारखी गुंडाळते, मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि चाक जाम होतं. जोर लावून फिरवलं तर मडगार्डचा पत्रा वाकतो किंवा आरी तुटते. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर तरी फट हवी. जाड टायरवाल्यांनी गाठीदार नक्षीऐवजी गुळगुळीत २६ × १.५ चे टायर घातले की ती आपोआप मिळते, शिवाय डांबरावर सायकल हलकी चालते. माती वाळण्याआधीच काठीने काढावी. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये, पाणी हबमध्ये शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं.

पुढच्या मडगार्डच्या खाली जुन्या ट्यूबची झडप, जमिनीपासून चार बोटं वर. चेनवर उडणारा चिखल यानेच थांबतो. सगळ्यांच्या आज लावून झाल्या.

१३ जुलै, रविवार

तेरा जण रांगेत. चार दिवसांचा नेम पाळणारे दहा. उरलेल्या तिघांच्या सायकली आज उलट्या करून पाहिल्या: एकाची सीट पुन्हा खाली, एकाचं मागचं चाक ब्रेकला घासत होतं, एकाची चांगलीच होती. त्याची शिफ्ट बदलली आहे, रात्री दहाला सुटतो. त्याच्यासाठी परतीचा जोडीदार शोधायचा आहे. सुदामा नगरातले एक काका त्याच वेळेला सुटतात असं कळलं, त्यांना रविवारी शेडवर बोलावलं आहे. त्यांची सायकल २८ इंची, आठ वर्षं बंद. येण्याआधी ४०-६३५ चे दोन टायर, दोन ट्यूब, दोन कॉटर पिना आणि वॉल्व्हची नळी आणून ठेवायची.